लेकरांना आधी हिशोब शिकवा, बचत मागून येईल

आपल्या वस्तीतल्या चौथीच्या कुठल्याही पोराला उभं करा आणि सांगा, बाबासाहेबांच्या पदव्या म्हणून दाखव. एका दमात म्हणून दाखवेल. एम.ए., पीएच.डी., डी.एस्सी., बॅरिस्टर. १४ एप्रिलच्या भाषण स्पर्धेसाठी पाठ केलेलं असतं. मग पुढचा प्रश्न विचारा, बाळा, ती डी.एस्सी. कशावर मिळाली? पोरगं गप्प. पोराचं सोडा, परीक्षक म्हणून खुर्चीवर बसलेले आपले कार्यकर्तेही बऱ्याचदा गप्प.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या त्या प्रबंधाचा विषय होता रुपया. १९२३ साली तो पुस्तक म्हणून लंडनमध्ये छापून आला. मराठीत आपण त्याला 'रुपयाचा प्रश्न' म्हणतो. चलन कसं चालतं, त्याची किंमत कोण ठरवतं, ती हलली की बाजारात कोणाला फटका बसतो, हे त्या माणसाने तिशी ओलांडता ओलांडता जगाला समजावून सांगितलं. आणि त्याच माणसाला बाप मानणाऱ्या आपल्या घरांत लेकरांना व्याज म्हणजे काय हे पहिल्यांदा कधी कळतं? दारात वसुलीवाला उभा राहतो आणि आई आतून सांगते, "सांग त्यांना, आई घरी नाही."

मित्रांनो, या विसंगतीवर आपण बोललं पाहिजे असं मला वाटतं.

मी गेली तीन वर्षं हडपसरच्या बाजूच्या एका वस्तीत दर रविवारी वंदना झाल्यावर विहारात तिसरी-चौथीच्या मुलांचा तासाभराचा वर्ग घेतो. कधी बारा मुलं असतात, कधी वीस. वर्गाचं नाव साधं आहे, 'हिशोब'. या तीन वर्षांत दोन प्रकारच्या लोकांनी मला पुन्हा पुन्हा अडवलं. दोघांचं म्हणणं वेगळं आहे आणि दोघांनाही उत्तर द्यायला हवं.

पहिले म्हणतात, एवढ्या लहान लेकरांना पैशाचं कशाला शिकवता? पैशाच्या नादी लागतील, आधी अभ्यास करू द्या. मी त्यांना एवढंच विचारतो, संध्याकाळी दुकानात कोणाला पाठवता? आठ वर्षांची पोरगी वीसची नोट मुठीत धरून जाते. तेल, चहापत्ती, साखर आणते, सुट्टे मोजून घेते. नोट नसेल तर दुकानदाराला सांगते, "आईने खात्यावर मांडायला सांगितलंय." तो काय मांडतो ते ती बघत नाही, कारण बघायचं असतं हे तिला कोणी सांगितलेलंच नाही. आपली लेकरं पैशाच्या व्यवहारात कधीच उतरलेली आहेत. फक्त बिनशिकवता उतरलेली आहेत.

दुसरे आपलेच चळवळीतले मित्र. ते म्हणतात, ही आर्थिक साक्षरता वगैरे व्यवस्थेची चलाखी आहे. गरीब गरीब का, तर त्याला पैसा सांभाळता येत नाही, असं सांगून मोकळं व्हायचं. मजुरी कमी का, काम कंत्राटी का, हे प्रश्न बाजूला. या म्हणण्यात मला निम्मं सत्य दिसतं. एकदा एका बँकेची माणसं वस्तीत कार्यक्रम घेऊन आली. मुलांना रंगीत पुस्तिका वाटल्या. पुस्तिकेत एक गोरागोमटा मुलगा, त्याला दर आठवड्याला खाऊचे पैसे मिळतात, तो निम्मे खातो आणि निम्मे डुकराच्या आकाराच्या गल्ल्यात टाकतो. आमची पोरं ते डुक्कर बघून हसत बसली. खाऊचे ठरलेले पैसे दर आठवड्याला मिळतात, हेच त्यांना गोष्टीतलं वाटलं. अशा पुस्तिका शिकवायच्या असतील तर न शिकवलेलं बरं. त्या शिकवतात की पैसा साठवणं हा सद्गुण, आणि मग लेकरू घरी जाऊन बापाकडे बघतं आणि मनात म्हणतं, माझ्या बापात हा गुण नाही.

पण म्हणून हिशोबच शिकवायचा नाही? इथे मी या मित्रांपासून वेगळा होतो. कारण हिशोब आपल्यापासून दूर ठेवला गेला, त्यालाही मोठा इतिहास आहे.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात १२९ वा श्लोक आहे. शूद्राची ऐपत असली तरी त्याने धनसंचय करू नये, असा त्याचा अर्थ. विद्याबंदी आपण नेहमी सांगतो. ही धनबंदी तेवढी सांगत नाही. खरं तर दोन्ही एकाच दोरीचे पदर. धन असलं आणि लिहिता-वाचता येत नसलं तर ते टिकत नाही. लिहिता आलं आणि धन जवळ ठेवायची मुभा नसली तर लिहिण्याचा उपयोग अर्धा होतो.

आपल्या आज्या-पणज्यांच्या गावकीच्या कामाला मोजमाप नव्हतं. किती तास राबायचं हे ठरलेलं नाही, त्याबद्दल किती मिळायचं तेही पक्कं नाही. खळ्यावर मिळेल ते बलुतं आणि दारोदार मागितलेली भाकर. वतनाच्या या जोखडाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडलं. ज्याच्या कामालाच माप नाही त्याने हिशोब कशाचा ठेवायचा? इतके तास काम, इतकी मजुरी, हे वाक्य बोलता येणं हीच मोठी मुक्ती होती.

आणखी एक घटना. आमच्या वस्तीतली निम्मी घरं दौंड, बारामती, इंदापूरकडून आलेली. त्याच बाजूला सुपे आहे. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं-घरं गाठली आणि मुख्यतः काय जाळलं असेल तर कर्जाचे कागद. खतं, रोखे, वह्या. हे लोण पुढे पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावागावांत गेलं. १८७९ साली सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. मी हे मुलांना सांगितलं तेव्हा चौथीतल्या एकाने विचारलं, "दादा, कागद जाळले कशाला? वाचून दाखवायचे ना, की ह्यात खोटं लिहिलंय म्हणून." मी म्हटलं, "वाचता येत असतं तर?" पोरगं बराच वेळ विचार करत बसलं.

आणि सात वर्षांनी, १८८२ मध्ये, महात्मा फुले हंटर आयोगापुढे निवेदन देतात. प्राथमिक शाळेत काय शिकवावं याची यादी त्यात आहे. मोडी आणि बालबोध वाचन-लेखन, त्याच्यासोबत हिशोब, मग थोडा इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीचं प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य. हिशोब यादीत वरच आहे. स्वतः ठेकेदारी केलेला, मजुरांची हजेरी आणि मजुरी जवळून पाहिलेला हा माणूस. लेकराला वाचता आलं आणि जमाखर्च कळला नाही तर ते पुन्हा लुटलं जाणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तेव्हा आर्थिक साक्षरता ही कालपरवाची बँकवाल्यांची कल्पना आहे असं कोणी म्हणू नये. ती आपली जुनी मागणी आहे. बँकवाल्यांनी तिच्यातला दात काढून गल्ला ठेवला, एवढंच.

आता वर्गात काय करतो ते सांगतो.

पहिला नियम असा की कोणाच्याही घरचं कर्ज वर्गात विचारायचं नाही. कोणाचा बाप काय कमावतो, कोणाच्या आईने कुठला हप्ता चुकवला, हे वर्गात येणार नाही. लेकरं एकमेकांना चिडवतात आणि घरची लाज लेकराच्या डोक्यावर ठेवायचा आपल्याला अधिकार नाही. म्हणून आम्ही एक 'फळ्यावरचं घर' केलं. त्यात आजी, आई, बाप आणि दोन पोरं. बाप नाक्यावर बिगारी, रोज ६०० रुपये, महिन्यात २० दिवस काम. झाले १२,०००. आई तीन घरची धुणीभांडी करते, प्रत्येक घरचे १,५००. झाले ४,५००. एकूण १६,५००.

मग खर्च. भाडं ४,०००, किराणा ५,०००, भाजी-दूध २,०००, कामावर जायचं भाडंतोडं १,२००, गॅस ९००, शाळेचं ७००, लाईट ६००, दवाखाना ६००, मोबाईल ४००. हे आकडे मुलांनीच सांगितले, मी फक्त लिहीत गेलो. बेरीज १५,४००. उरले १,१००. मुलं खूश, पैसे उरले! मग मी फळ्यावर ढग काढला. जुलै महिना, पाऊस, काम फक्त ११ दिवस. बापाचे झाले ६,६००, आईचे ४,५०० धरून ११,१००. खर्च तेवढाच. कमी पडले ४,३००. म्हटलं, आता यातलं काय कापायचं ते सांगा. अर्धा तास वाद झाला. एकाने आजीचं औषध कापलं, सगळे त्याच्यावर धावून गेले. एकीने मोबाईल कापला, दुसरा म्हणाला मोबाईल नसेल तर बापाला कामाचा फोन कसा येईल? शेवटी तिसरीतली एक मुलगी म्हणाली, "दादा, ह्यांच्यात उधळपट्टी कुठंच नाहीये. पैसेच कमी आहेत."

माझ्या चळवळीतल्या मित्रांना जे व्याख्यानात सांगावं लागतं ते आठ वर्षांच्या मुलीने बेरीज-वजाबाकीतून काढलं. हिशोब केल्याने गरिबाला दोष लागत नाही. लागलेला दोष उलट पुसला जातो. त्याच तासाला दुसरंही काहीतरी दिसलं. चार महिने ते १,१०० बाजूला पडले तर ४,४०० होतात, आणि पावसाळ्याचा एक महिना उधारीशिवाय निघतो. बचत ही इथे आली, कोणी उपदेश न करता. आणि चार महिन्यांत कोणी आजारी पडलं तर? तर ती बचत गेली. मग आजारपणाचा भार एका घराने एकट्याने का उचलायचा, हा पुढचा प्रश्न आला. १९४७ साली बाबासाहेबांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये विमा सरकारच्या हातात असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या वेतनाच्या मानाने आयुर्विमा सक्तीचा असावा, असं मांडलं. चौथीच्या मुलाला ते पुस्तक वाचायला द्यायची गरज नाही. फळ्यावरच्या घराला जुलैत काय लागलं असतं, एवढं विचारलं तरी तो बरोबर तिथवर येतो.

दुसरा धडा व्याजाचा. शाळेच्या पुस्तकात व्याज प्राथमिक शाळा सुटल्यावर येतं. वस्तीत ते जन्माआधीच आलेलं असतं. आम्ही चिंचोके घेतले. सावकार म्हणतो, दहा हजार देतो, हजार आधीच कापून घेतो, रोज शंभर रुपये शंभर दिवस दे. म्हणजे हातात नऊ हजार. एक चिंचोका म्हणजे शंभर रुपये. एका मुलीला नव्वद चिंचोके दिले, एक मुलगा सावकार झाला. रोज एक चिंचोका परत. पन्नासाव्या दिवशी थांबवलं. आता तुझ्याकडे किती? चाळीस. नव्वदाव्या दिवशी? एकही नाही. अजून किती द्यायचे? दहा. मुलगी रिकामी ओंजळ दाखवून म्हणाली, "आता कुठून देऊ?" सगळी पोरं शांत झाली. नव्वदच्या नव्वद चिंचोके तिच्याकडे फक्त पहिल्याच दिवशी होते, आणि दंड मात्र शंभराच्या हिशोबाने बसला होता. वाचकांसाठी सांगतो, ज्याला तो सावकार तोंडाने 'दहा टक्के' म्हणतो, तो दर वर्षाचा धरला तर ७५ टक्क्यांच्या वर जातो. मुलांना टक्के कळले नाहीत तरी चालतं. त्यांना एक प्रश्न कळला आणि तो मी त्यांच्याकडून घोटून घेतला आहे. हातात किती आले, परत किती दिले, किती दिवसांत दिले? आणि 'शेकडा दहा' कोणी म्हटलं की विचारायचं, महिन्याचे की वर्षाचे? महिन्याचे असतील तर हजार रुपयांवर दहा महिन्यांत हजार रुपये व्याजच जातं आणि मुद्दल तिथल्या तिथे.

सोबत दोन-चार गोष्टी पाठ करून घेतो, पाढ्यांसारख्या. कोऱ्या कागदावर सही नाही, अंगठा नाही. पैसे दिले की पावती. महाराष्ट्रात सावकारी करायला परवाना लागतो, २०१४ चा कायदा आहे. बचत गटाच्या नावाने मायक्रोफायनान्सवाले येतात, त्यांना रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर कर्जदाराला वसुलीसाठी फोन करता येत नाहीत, आणि सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून घराच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. हे शेवटचं मोठ्यांसाठी आहे, पण मुलांच्या तोंडून ते घरात पोचतं.

तिसरा धडा दुकानाचा. मुलांना पुड्यांवरचं वजन आणि किंमत बघायला लावली. सुटं तेल, छोटी साखरेची पुडी, मोठी पिशवी, सगळ्यांचा भाव काढायचा. माझा अंदाज होता की छोटं ते सगळं महाग निघेल. तेल-साखरेत तसंच निघालं. पण शाम्पूची एक रुपयाची पुडी बाटलीपेक्षा स्वस्त पडली. पोरांना केवढा आनंद! आई पुडी घेते ती बरोबर घेते. गरीब माणूस अडाणी असतो हे गृहीत धरून शिकवायला गेलं की असं तोंडावर आपटायला होतं. म्हणून मुलांना उत्तर सांगू नये, त्यांच्या हातात वजनकाटा द्यावा. रेशनचंही असंच. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला पाच किलो धान्य. घरात पाच नावं, तर पंचवीस किलो. हा गुणाकार तिसरीतल्या मुलाला येतो. पिशवी आणि पावती जुळते का, एवढंच बघायला सांगितलं आहे.

मोबाईलचा धडा आता टाळता येत नाही. मुलांना वाटतं स्कॅन केलं की पैसे येतात. खोक्यातून बाईचा आवाज येतो आणि वडापाव मिळतो. नोट हातातून गेली तर कळतं, मोबाईलमधून गेली तर कळत नाही. म्हणून मोबाईलवरून दिलेला रुपयाही वहीत लिहायचा. आणि एक गोष्ट फळ्यावर कायमची लिहून ठेवली आहे. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पैसे द्यायलाच लागतो. कोणी म्हणालं की पैसे पाठवतो, पिन टाका, तर तो चोर.

आता सगळ्यात नाजूक विषय. 'गरज' आणि 'चैन' यांचे दोन रकाने प्रत्येक पुस्तिकेत असतात. मी मुलांना विचारलं, १४ एप्रिलचे नवे पांढरे कपडे कुठल्या रकान्यात? एक मुलगा लगेच म्हणाला, चैन. जुने आहेत की. एक मुलगी ताडकन उठली. "गरज आहे. त्या दिवशी फाटकं घालून नाही जायचं." मी तिच्या बाजूचा आहे. ज्यांच्या आज्यांनी कसलं लुगडं नेसायचं आणि कसले दागिने घालायचे हे गाव ठरवत होतं, त्यांच्यासाठी स्वच्छ, चांगला कपडा ही चैन कशी? महाडला १९२७ मध्ये बाबासाहेब स्त्रियांशी बोलले तेव्हा पेहरावाबद्दल मुद्दाम बोलले. सन्मान ही गरज आहे. पण ती गरज शेकडा दहाच्या कर्जाने भागवायची का, हा प्रश्न त्यानंतर येतो. दोन्ही प्रश्न मुलांपुढे ठेवले. जानेवारीपासून आठवड्याला पन्नास रुपये बाजूला टाकायचे असं त्यांचं त्यांनीच काढलं. तीन-साडेतीन महिन्यांत सातशे होतात. एका पोराचा शर्ट-पँट येतो.

जयंतीचा विषय निघाला तो तिथेच थांबला नाही. एका वर्षी जयंती झाल्यावर समितीची बैठक विहारात चालू होती. आमच्या वर्गातली नऊ वर्षांची एक मुलगी वही घेऊन उठली आणि म्हणाली, "काका, आमच्या घरून पाचशे रुपये वर्गणी दिली होती. त्याचं काय काय झालं?" बैठकीत शांतता. एक-दोघांना राग आला. पोरांना शिकवून पाठवलंय म्हणाले. आमच्यावर विश्वास नाही का, म्हणाले. कोपऱ्यातून एक आजी बोलल्या, "लेकराने इचारलं तर सांगा की. चोरी थोडीच केलीय तुम्ही?" पुढच्या रविवारी विहाराच्या भिंतीवर जमाखर्च लागला. एका पैशाचा घोळ नव्हता, हे मुद्दाम सांगतो. पण डीजेचा आकडा सगळ्यात मोठा होता आणि वह्या-पुस्तकांच्या ओळीत काहीच नव्हतं. लोक दोन दिवस त्या कागदासमोर उभे राहून बोलत होते. पुढच्या वर्षी डीजे आलाच. मात्र पावतीपुस्तकाबरोबर खर्चाचा फलकही आला, आणि त्यात वह्यांची एक ओळ होती. आकडा लहान होता. वाद अजून चालू आहे आणि तो चालू राहावा.

मला वाटतं हिशोब शिकवण्याचा खरा अर्थ इथे आहे. ज्या लेकराला आपल्या माणसांना हिशोब मागता येतो, ते उद्या ठेकेदाराला मागेल, नगरसेवकाला मागेल, सरकारला मागेल. सरकारला मागायचं एक उदाहरण त्यांच्या स्वतःच्या शाळेतच आहे. पहिली ते चौथीच्या अनुसूचित जाती, जमाती, भटक्या-विमुक्तांच्या दारिद्र्यरेषेखालच्या मुलींसाठी १९९२ साली उपस्थिती भत्ता सुरू झाला. दिवसाला एक रुपया. तीस वर्षं उलटली तरी तो रुपया तिथेच उभा होता. मी मुलींना विचारलं, एका रुपयात आज काय येतं? एक गोळी, म्हणाल्या. मग घरी जाऊन आजीला विचारून आल्या, तेव्हा एका रुपयात काय यायचं. आजीची यादी बरीच लांब होती. रुपया तोच, मग माल कमी का झाला? मित्रांनो, हाच रुपयाचा प्रश्न. तिसरीच्या मुलीला तो तिच्या स्वतःच्या रुपयावरून कळतो. पदव्या पाठ करण्यापेक्षा मला बाबासाहेबांची ही ओळख जास्त खरी वाटते.

आणि आपल्या धम्मात यासाठी जागा नाही असं कोणी समजू नये. सिगालाला उपदेश करताना बुद्ध संपत्तीचे चार भाग करायला सांगतात. एक उपभोगासाठी, दोन कामधंद्यासाठी, चौथा संकटासाठी. दीघजाणूला आपली मिळकत आणि खर्च ओळखून जगायला सांगतात. अनाथपिंडिकाला सांगितलेल्या गृहस्थाच्या चार सुखांत एक आहे 'अनण' सुख, कोणाचं देणं नसल्याचं सुख. वर्गात चार भागांची गोष्ट सांगितली तेव्हा एक पोरगा म्हणाला, "दादा, फळ्यावरच्या घराचे चार भाग होतच नाहीत." बरोबर आहे त्याचं. ज्यांच्याकडे चार भाग करण्याएवढं आहे त्यांनी ते करावेत. ज्यांच्याकडे नाही त्यांना तेवढं का मिळत नाही, हे विचारणंही त्याच उपदेशाचा भाग मानावा.

शेवटी तरुण कार्यकर्त्यांना विनंती. प्रत्येक वस्तीत विहार आहे, रविवार आहे, आणि तिसरी-चौथीची पोरं आहेत. अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. एक फळा, दोनशे चिंचोके, प्रत्येकाला एक वही, आणि वहीत तीन रकाने. आले, गेले, उरले. सुरुवातीला दुकानातल्या फेऱ्यांचाच हिशोब लिहू द्या. महिनाभराने फळ्यावर एक घर उभं करा, आकडे मुलांना सांगू द्या. घरकामाचाही भाव काढायला लावा. आई काही काम करत नाही असं एक तरी पोरगं म्हणेलच. तेव्हा त्याला पाण्याचे हंडे आणि भाकऱ्या मोजायला बसवा. दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला पोस्टात स्वतःच्या सहीने खातं उघडता येतं, त्याला पाचशे रुपये लागतात. जमेल त्यांना घेऊन जा. ज्यांना जमणार नाही त्यांना वर्गात कमी लेखू नका. आणि मुलं तुमच्या मंडळाचा, तुमच्या संघटनेचा हिशोब मागायला लागली तर रागावू नका. तो दिवस आला की समजा, वर्ग चांगला चालला आहे.

येत्या जयंतीला भाषण स्पर्धा घ्याच. पण एक स्पर्धा आणखी ठेवा. पोरांनी जयंतीचा जमाखर्च फळ्यावर मांडून दाखवायचा, आणि समितीने समोर बसून ऐकायचं.

जय भीम!